झेंडा उतरवताना

घरोघरी झेंडा लावायचं ठरलं त्या वर्षी आबांचा, माझ्या वडलांचा, फोन आला, तेव्हा मी नेवाशाला शिकवते त्या शाळेत होते. मधली सुट्टी चालू होती. आबा एरवी शाळेच्या वेळेत कधी फोन करत नसत. ते स्वतः एकतीस वर्षं गावच्या हायस्कुलात शिपाई होते. शाळा भरलेली असताना घरचा फोन येतो तो कुणी गेलं तर किंवा पडलं तर, असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे मी घाबरूनच उचलला.

"तेरा तारखेला सुट्टी हाय का तुला?"

"दुसरा शनिवार आहे. का, काय झालं?"

"झेंडा लावायचाय. बांबू आनलाय. तू ये."

आमचं गाव मिरजगावपासून आत, टेम्पोनं पंधरा मिनिटांवर. शुक्रवारी संध्याकाळी पोचले तर आबा ओट्यावर बसून काचेच्या तुकड्यानं बांबू तासत होते. बांबूला बारीक कुसळ राहिलं की कापड अडकतं आणि फाटतं, म्हणून. निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, पण हात तसेच होते.

झेंड्याचे नियम आबांना तोंडपाठ होते. शिक्षण सातवीपर्यंत. नोकरीला लागले तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी एक परिपत्रक हातात देऊन सांगितलं होतं, "हे वाच. चूक झाली तर नोकरी जाईल." नोकरी जायच्या भीतीनं त्यांनी ते पाठ केलं आणि पुढे भीती गेली, पाठांतर राहिलं. केशरी वर. जमिनीला टेकता कामा नये. फाटका, चुरगळलेला लावायचा नाही. त्यावर काही लिहायचं नाही. त्याच्याहून उंच दुसरा झेंडा नको.

या शेवटच्या नियमापाशीच त्या शनिवारी सकाळी अडलं.

आमच्या घरावर चौदा एप्रिलला लावलेला निळा झेंडा आणि पंचशील ध्वज तसेच होते. आमच्या वस्तीत जयंतीचे झेंडे पुढच्या जयंतीपर्यंत राहतात, मग ते उन्हानं पार विटेनात का. दोन्ही लोखंडी पाइपावर, चांगले उंच. आबांचा नवा बांबू त्यापुढे कंबरेएवढा दिसायला लागला. आबांनी थोडा वेळ वर बघितलं आणि मला म्हणाले, "शिडी धर."

त्यांनी निळा झेंडा सोडायला सुरुवात केली तशी समोरच्या घरातून एक जण बाहेर आला. पंचविशीतला, पदवी झालेला, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. वस्तीत काही बोलायचं झालं की तोच बोलायचा.

"आबा, आपला झेंडा खाली का घेताय?"

"तीन दिस. मंग परत लावनार."

"तीन तास तरी का? लोकं काय म्हनतील? ह्यांनी स्वतःच्या हातानं खाली घेतला."

आबा शिडीवरच थांबले. मला वाटलं चिडतील. ते सावकाश खाली उतरले, निळ्या झेंड्याची घडी केली, ती माझ्या हातात दिली, आणि मग त्याच्याकडे वळले.

"हा कुनाचा झेंडा हाय?"

"आपला."

"आपल्याला कायदा वाचायला ज्यानं शिकवलं, त्याचा. मी कायदा पाळला म्हनून तो रागावनार हाय का माझ्यावर?"

त्याला ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. आईनं दारातून हाक मारली, "अरं चहा घे," तर मान हलवून घरात गेला. आबांनी पंचशील ध्वजही उतरवला आणि दोन्ही झेंडे आत नेऊन देव्हाऱ्याच्या जागी जी बुद्धाची मूर्ती आहे, तिच्या शेजारी ठेवले. मग तिरंगा बांधला. त्यांची गाठ मला लहानपणापासून येत नाही. अजूनही येत नाही.

त्या दिवशी आबा वस्तीतून आणि मग गावातून फिरले. कुणी झाडूच्या दांड्याला झेंडा लावला होता, कुणी हिरवा वर केला होता, एका घरी तो गॅलरीच्या कठड्यावर चादरीसारखा वाळत घातला होता. आबा दारात उभे राहून, चपला काढून, "जरा सरळ करू का?" असं विचारायचे. बहुतेकांनी करू दिलं. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरकारनं पाठवलंय का यांना?" मी म्हटलं, "नाही हो, सवय आहे."

संध्याकाळी सूर्य टेकला तसे आबा पुन्हा हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून बाहेर आले. मी मोबाईलवर बघून म्हटलं, "आबा, आता उतरवायची गरज नाही. नियम बदललाय. घरावर रात्री पण ठेवता येतो."

"बदललाय? कवा?"

"आत्ताच. गेल्या महिन्यात."

मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग मोबाईल हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून स्वतः वाचलं, आणि परत दिला.

"परवानगी हाय," ते म्हणाले. "सक्ती न्हाई." आणि दोरीला हात घातला.

मी न सांगता दोन्ही हात पुढे केले. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, पण त्या क्षणी सात वर्षांची झाले.

कारण शाळेत पंधरा ऑगस्टला सकाळी सगळं गाव असायचं. सरपंच, संस्थेचे लोक, धुतलेल्या टोप्या, लेझीम, भाषणं. आबा पहाटेपासून राबायचे. फक्की मारायचे, कप्पीत तेल सोडायचे, झेंडा बांधून वर सरकवून ठेवायचे आणि मग खांबाच्या मागे, दोन पावलं दूर उभे राहायचे. दोरी ओढायचा मान दर वर्षी दुसऱ्या कुणाचा. आबांना त्याचं काही वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. गाठ सुटेपर्यंत ते श्वास घेत नसत, एवढंच मला माहीत आहे.

आणि संध्याकाळी त्याच मैदानावर कुणीही नसायचं.

झेंडा चढवायला सगळे येतात, उतरवायला कोणी येत नाही. आबा मला घेऊन जायचे. शाळा बंद, फक्की पायांनी पुसलेली, कुठे कागदाचा द्रोण पडलेला. बघायला कुणी नाही, तरी आबा सकाळसारखेच इस्त्रीच्या कपड्यात. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे. "चढवताना झपाट्यानं, उतरवताना सावकाश," ते म्हणायचे, आणि खरंच इतकं सावकाश उतरवायचे की मला वाटायचं, हे आज संपणारच नाही. कप्पी करकरायची. ते कापड माझ्या हातांवर यायचं तेव्हा त्यात दिवसभराचं ऊन असायचं. आमच्याकडे ऑगस्टात पाऊस नुसती हूल देतो, त्यामुळे ते बहुतेक वेळा कोरडंच असायचं, आणि थोडं गरम. एखादं तान्हं बाळ घेतल्यासारखी मी ते धरून उभी राहायची. मग आम्ही दोघं घडी करायचो. पांढऱ्याच्या खाली केशरी आणि हिरवा दुमडायचा, मग दोन्हीकडून आत घ्यायचं, शेवटी मधलं चक्र तेवढं वर दिसलं पाहिजे. आबा त्या चक्रावरून एकदा तळवा फिरवायचे. आई म्हणायची, ते चाक आपल्या घरचं आहे. आबा तसं काही म्हणत नसत.

दिवसभर ते सगळ्यांचे असायचे. "शिपाई, खुर्ची आण. शिपाई, पाणी." त्या अर्ध्या तासात ते फक्त माझे असायचे. आज मला कुणी विचारलं की बालपणातलं काय परत हवंय, तर मी ते रिकामं मैदान मागेन.

तर तीन दिवस आम्ही संध्याकाळी झेंडा उतरवला आणि सकाळी चढवला. पंधराला रात्री आबांनी घडी करून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी निळा झेंडा आणि पंचशील ध्वज परत पाइपावर गेले. समोरचा पदवीधर शिडी धरायला आला. दोन्ही झेंडे बांधून होईपर्यंत त्यानं ती सोडली नाही.

मला वाटलं, झालं. मी सोळाला नेवाशाला परतले. पुढच्या रविवारी आईचा फोन: "तुझा बाप पिशवी घेऊन उकिरडे धुंडतोय. तू येऊन समजाव."

गावात झेंडे पडले होते. गटारीकडेला, एसटीच्या थांब्यामागे, बाभळीत अडकलेले. काठ्या लोकांनी काढून घेतल्या होत्या, कापड टाकून दिलं होतं. आबा रोज सकाळी पांढरी पिशवी घेऊन निघायचे आणि मिळतील ते गोळा करून आणायचे. घरी आणून साबणानं धुवायचे, सावलीत वाळवायचे. पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा घरातल्या दोरीवर, आईच्या साड्यांच्या वर, ओळीनं झेंडे होते.

"साड्यांच्या वर का?" मी विचारलं.

"खाली घालू व्हय?" आबा म्हणाले.

एक मात्र त्यांना मिळत नव्हता. रस्त्याकडेच्या मळ्यात बाजरी निसवायला, कणसं टाकायला लागली होती, आणि मळ्याच्या मालकानं एक झेंडा काठीला उलटा बांधून बाजरीत उभा केला होता, पाखरांसाठी. ते कापड चकचकीत, जराशा वाऱ्यानंही फडफडायचं. पाखरं खरंच बसत नव्हती. मळा तात्यांचा, आणि तात्या आबांचे शाळासोबती. दोघं एका वर्गात शिकले, पण पाणी वेगळ्या रांजणातलं प्याले, असे सोबती. त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत. बांधावर तंबाखू मात्र एकमेकांच्या हातावरची खायचे.

मी आबांबरोबर गेले. तात्या खुरपं घेऊन बांधावरच बसले होते.

"तात्या, तेवढा झेंडा काढ बाबा."

"का रं? फाटलेलाच हाय. चांगलं काम करतोय."

"उलटा हाय."

"सुलटा करतो, मंग तर झालं?"

"न्हाई. ते त्याचं काम न्हाई."

"आन् पाखरांचं काय? तू येनार का गोफन घेऊन?"

आबा तिथंच बांधावर बसले. तात्यांनी तंबाखू काढली. मी उभी. बराच वेळ दोघं पिकाबद्दल बोलले, कुणाच्या तरी जावयाबद्दल बोलले. मग आबा उठले, मला म्हणाले "थांब," आणि गुडघे धरत घरी गेले. परत आले तेव्हा हातात आईचं लाल लुगडं होतं. जुनं, पण धड. त्यांनी ते तात्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे लाव. लालला पाखरू जास्त भितं."

तात्यांनी लुगडं उलगडून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना. "अरं, वहिनीला इचारलंस का?"

"इचारलं असतं तर दिलं असतं का तिनं?"

तात्या हसत हसतच बाजरीत शिरले आणि झेंडा सोडून घेऊन आले. देताना मात्र त्यांनी तो नीट दोन्ही हातांनी दिला. आईला संध्याकाळी कळलं. ती तरातरा रस्त्यापर्यंत गेली, मळ्याकडे बघितलं आणि परत येऊन म्हणाली, "मीच उभी हाय म्हनावं तिथं. जल्मभर राबले, आता बुजगावनं केलं मला." दोन दिवस आबांशी बोलली नाही. पण पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच मळा दाखवायची.

गोळा केलेल्यांतले धड झेंडे आबांनी पेटीत ठेवले. फाटलेले पंधरा-सोळा उरले. नियम असा की झेंडा फाटला की तो पूर्ण नष्ट करायचा, खाजगीत, शक्यतो जाळून. शाळेत आबा ते करायचे. खादीचा झेंडा एका भपक्यात पेटतो, राखही मऊ आणि करडी होते. ती राख ते कडुलिंबाच्या बुडाशी घालायचे.

मी रजा टाकून राहिले होते त्या सोमवारी सकाळी, उजाडताच, आम्ही घरामागे घमेलं घेऊन बसलो. आबांनी आंघोळ केली होती. पहिला झेंडा घडी करून घमेल्यात ठेवला आणि काडी लावली.

तो पेटला नाही. आक्रसला. कडा काळ्या झाल्या, गोळा झाला, आणि त्यातून काळे थेंब गळायला लागले. रबर जळल्यासारखा वास सुटला. आबांनी घाईनं हात घालून तो बाहेर ओढला, तर थेंब बोटाला चिकटला. आई आतून पाणी घेऊन धावली. आबांनी हात पाण्यात धरला, पण लक्ष घमेल्याकडे.

"ह्याची राख व्हत न्हाई गं," ते म्हणाले. "नुसतं वितळतंय."

इतकं हताश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. मी मोबाईल काढून पुन्हा सगळं वाचलं. जाळून, किंवा मान राखला जाईल अशा दुसऱ्या कुठल्याही रीतीनं, असं होतं. मी ती ओळ त्यांना दाखवली. त्यांनी विचार केला. "पुरूया," म्हणाले.

आमचं अर्ध्या एकराचं रान घराला लागूनच आहे. बांधाकडेला जिथं नांगर फिरत नाही तिथं मी आणि आबांनी खड्डा घेतला. ते खणायचे, मी माती ओढायचे. गुडघाभर झाल्यावर त्यांनी थांबवलं. मग आम्ही दोघं एकेक झेंडा उलगडून घडी करायला बसलो. फाटलेल्याची घडी नीट बसत नाही, कुठेतरी लोंबतंच. आबांनी एकही तसा ठेवला नाही, प्रत्येक परत केला. तळाशी पांढरं धोतर अंथरलं, त्यावर सगळे ठेवले, धोतरात गुंडाळले. तो अर्धा जळालेला पण त्यातच. माती लोटून झाल्यावर आबा ताठ उभे राहिले. आई हात जोडून उभी होती. रस्त्यावरून रिकामा ट्रॅक्टर गेला.

मग आबा आईला म्हणाले, "चल, चहा टाक." आणि दोन दिवसांचा अबोला सोडून आई म्हणाली, "बोट दाखवा आधी."

त्याच वर्षी थंडीत आबा गेले. सकाळी दाढी करताना छातीत दुखलं, मिरजगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. नेवाशाहून नगर, नगरहून मिरजगाव, तिथून टेम्पो. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. आबांना पांढऱ्या कपड्यात ओट्यावर ठेवलं होतं. अंगण भरलेलं. तात्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, टोपी हातात.

निघायची वेळ झाली तसा तो समोरचा पदवीधर पुढे आला. त्याच्यामागे वस्तीतली आणि गावातलीही पोरं. त्याच्या दोन्ही हातांवर तिरंगा होता, घडी केलेला, चक्र वर.

"ताई, आबांना ह्याच्यात न्यायचं. सगळ्यांनी ठरवलंय. सरपंच पन हो म्हनलेत."

आबांचा चेहरा एका बाजूनं अर्धवट दाढी केलेला होता, ती कुणीतरी पूर्ण करायला हवी होती, एवढंच डोक्यात होतं. मग मला कळलं तो काय म्हणतोय.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"तो सरकारी इतमामाला असतो. सैनिकांना. आपल्याला नाही घालता येत."

"नियम कुनासाठी असत्यात ताई?" तो रडत होता. "ह्या मानसानं गटारीतून उचललेत झेंडे. ह्यांना न्हाई तर कुनाला?"

अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. एकतीस वर्षं खांबाच्या मागे दोन पावलं उभ्या राहिलेल्या माणसावर ते कापड एकदा यावं, ह्याहून मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

"त्यांना आवडणार नाही," मी म्हटलं. "मी त्यांना चुकीच्या झेंड्यात पाठवू का?"

मग त्यानं तिरंगा दोन्ही हातांवर तसाच तोलत आत नेऊन ठेवला. वर चढून निळा झेंडा आणि पंचशील ध्वज स्वतः काढून आणले. ते आम्ही आबांवर घातले. उन्हानं दोन्ही विटले होते. त्रिशरण, पंचशील म्हटलं आणि निघालो. तात्यांनी खांदा दिला, आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

आई आता माझ्याकडे नेवाशाला असते. त्या दिवसाबद्दल ती बरेच महिने काही बोलली नाही. मला वाटायचं, तिनं ऐकलंच नसेल. ती आत बायकांमध्ये होती. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तर खाली बघूनच म्हणाली,

"त्या दिशी न्हाई म्हनलीस तू."

मी जुडीचा दोरा सोडला.

"मी तुझ्या जागी असते तर घातला असता. कोन बघत हुतं?"

"आबांनी बघितलं असतं, आई."

"त्यांनी डोळे मिटले व्हते की," आई म्हणाली. जुडीची काडी सोडून तिनं पुढची घेतली. मग थोड्या वेळानं, तितक्याच साध्या आवाजात, "पन तू न्हाई म्हनलीस, तवा मला वाटलं तुझे आबाच बोलायलेत. मी आतून उठून बघाय आले व्हते."

मी मेथी निवडत राहिले. पानं कुठली आणि देठं कुठली, ते मला बराच वेळ दिसत नव्हतं.